चौथा रकाना

३ मार्च, मंगळवार

दवाखान्याची ही गेल्या सालची नोंदवही. निम्म्याहून जास्त कोरी राहिली होती आणि चांगला कागद टाकवत नाही, म्हणून कपाटात ठेवली होती. आज तीच काढून लिहायला बसले आहे. जे पाहिलं ते कुणाला सांगायची सोय नाही, आणि पोटात ठेवणं मला कधी जमलेलं नाही.

दुपारी बाहेरच्या खोलीतला दिवा गेला म्हणून बल्ब आणायला पुलापलीकडे गेले होते. दुकानाला लागूनच त्या तरुण डॉक्टरणीचा दवाखाना आहे, दोन वर्षांपूर्वी उघडलेला, काचेच्या दाराचा. ते दार उघडलं आणि आतून घड्याळकाका बाहेर आले. हातात औषधांची पिशवी.

घड्याळकाका! आमचे पहिले पेशंट! चौतीस वर्षांपूर्वी दोन ट्रंका आणि नऊ महिन्यांची लेक घेऊन आम्ही या परक्या देशात उतरलो. ह्यांनी इथली परीक्षा पुन्हा दिली, तीनदा दिली, मग कुठे दवाखान्याची पाटी लागली. लोक पाटीपुढे थांबायचे, आमचं आडनाव उच्चारून बघायचे, जीभ अडखळली की पुढे चालू लागायचे. चार महिने एक माणूस आत आला नाही. मग एक दिवस घड्याळं दुरुस्त करणारा हा गृहस्थ अंगठ्यात घुसलेली स्प्रिंग घेऊन आला आणि म्हणाला, "आत डॉक्टर आहे ना? मग पाटी कशाला वाचायची?" त्यांच्यामागून सगळी गल्ली आली.

आणि हे आज सकाळी दहा वाजता आमच्याकडे येऊन गेले होते! माझ्याच हाताने नोंद केली आहे. तक्रार: गुडघा. ह्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन गेले आणि दुपारी दुसऱ्या दारात उभे.

माझी नजर पडताच त्यांनी टोपी उचलली, आणि गुडघा दुखतो म्हणणारा तो माणूस रस्ता ओलांडून चक्क पळाला. मी बल्ब न घेताच परत आले.

५ मार्च, गुरुवार

एकटे घड्याळकाका असते तर म्हातारपणाचा चळ म्हणून सोडून दिलं असतं. आज शिंपीणबाईंनी पाकिटातून चष्मा काढताना त्यांचं एक कार्ड खाली पडलं. मी उचललं. पुलापलीकडचा दवाखाना, पुढची तारीख सोळा. त्यांनी माझ्या हातातून ते जवळजवळ ओढूनच घेतलं.

शिंपीणबाई म्हणजे आमच्याच मुलखातल्या, आमच्याच भाषेतल्या. त्यांचे यजमान गेले तेव्हा हे तीन आठवडे रोज त्यांच्या घरी जात होते. लोक इतके कृतघ्न होऊ शकतात? माझा तर डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

जेवताना ह्यांना सांगून टाकलं. वाटलं, हादरतील. हे शांतपणे म्हणाले, "जाऊ दे गं. ती मुलगी चांगली आहे. मीच पाठवलं त्यांना."

हे असंच करतात. कोणी गळा कापला तरी म्हणतील, सुरी माझीच होती. मी म्हटलं, "तुम्ही पाठवलंत? मग इथे येऊन गुडघा कशाला दाखवतात?" त्यावर ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू हा प्रश्न त्यांनाही आत्ताच पडला आहे. मग म्हणाले, "कोणाचा गुडघा?"

मोठ्या मनाचं सोंग घ्यावं तर ते असं पुरं घ्यावं. मला हसूच आलं, पण राग गेला नाही.

६ मार्च, शुक्रवार

हे आज दोनदा दारातून म्हणाले, "नर्सबाईंना आत पाठव." नर्सबाई गेल्या वर्षीच निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेल्या. इतक्या वर्षांची जिभेची सवय, एकदम कशी सुटेल? मीही परवा लेकीला फोनवर नर्सबाईंच्या नावाने हाक मारली होती.

त्या गेल्यापासून हे इंजेक्शन देत नाहीत. औषधांचं कपाटही रिकामंच असतं. म्हणतात, औषधं कमी द्यावीत, माणसाशी बोलावं. मला पटतं ते.

८ मार्च, रविवार

रविवार म्हणून दवाखाना बंद. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. हे आले, कोपऱ्यातलं बुटकं स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसले आणि चष्मा काढून हातात धरला. "एकटीच आहेस का गं?"

म्हटलं, "नाही, फौज उभी आहे मागे. दिसत नाही का? आणि तिथून उठा, कढत पाणी सांडेल अंगावर."

हसले. चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाले, "चहा करतेस?"

हे स्टुलाचं खूळ गेल्या वर्षापासून आहे. दर रविवारी. खुर्चीत बसायचं सोडून हे गुडघे दुमडून बसणं. एखाद्या दिवशी कंबर धरली की मलाच चोळावी लागेल.

१० मार्च, मंगळवार

घड्याळकाका आज परत आले. बेशरमपणाची कमाल आहे! मी मान वर न करता विचारलं, "तक्रार?" म्हणाले, "गुडघा." मी म्हटलं, "पळायला तर बरा चालतो." कानापर्यंत लाल झाले, पण बसून राहिले.

नोंदवहीत मी तीन रकाने आखते. वेळ, नाव, तक्रार. चौथा ह्यांचा हट्ट आहे, पहिल्या दिवसापासूनचा: 'बरोबर कोण'. हे म्हणायचे, या देशात माणसं दवाखान्यात एकटी येतात आणि एकटी परत जातात, मला आधी कळायला हवं की बाहेर कोण बसलंय. कारण वाईट बातमी द्यायची तर ह्यांची एक रीत आहे. टेबलामागून उठायचं, पेशंटसमोरच्या बुटक्या स्टुलावर बसायचं, चष्मा काढायचा, आणि सगळ्यात आधी विचारायचं, "बरोबर कोण आलंय?" ते स्टूल सरकल्याचा आवाज आला की मी बाहेर पाण्याचा ग्लास भरून ठेवते. एकतीस वर्षांत ह्यांनी वाईट बातमी ना फोनवर दिली, ना दुसऱ्याच्या तोंडून कळवली.

असो. घड्याळकाकांच्या चौथ्या रकान्यात मी 'कोणी नाही' लिहिलं, जरा जोर देऊनच.

पण आत जे ऐकलं त्याने मी खुर्चीत उडालेच. दार पुरतं लागलं नव्हतं. हे सांगत होते, "रोज थोडं चालायचं, आणि निजताना पायाखाली उशी घ्यायची." आपल्या भाषेत! घड्याळकाका इथले. आमचं आडनाव त्यांना अजून धड म्हणता येत नाही. आणि ते उत्तर देतात काय, तर तेही आपल्याच भाषेत, "हो डॉक्टर. आता बरं वाटतं."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे कुठे शिकलात?" म्हणाले, "असंच, इकडून तिकडून." आणि टोपीतून एक कागद डोकावत होता तो आत ढकलला. मनात पाप असलं की माणूस लोणी लावायला परकी भाषासुद्धा शिकतो. हे तरी काय, त्यांच्याशी आपल्या भाषेत कशाला बोलत होते? थट्टा असेल. थट्टेची सवय पूर्वी नव्हती.

१७ मार्च, मंगळवार

जमेल तसं लिहिते.

सकाळी साडेदहाला एक नवीनच बाई आली, कडेवर दोनेक वर्षांची मुलगी. आठवड्यापूर्वी या गावात आलेली, कपड्यांच्या लाँड्रीत काम करते, पाटी बघून आत शिरली. पोरगी तापाने फणफणली होती. पाळी नव्हती, पण तापातलं मूल मी कधी परत पाठवलेलं नाही. म्हटलं, बसा, मध्ये घालते.

बाहेर पाच जण बसले होते. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग शिंपीणबाई उठल्या आणि माझ्यादेखत त्या बाईला म्हणाल्या, "पुलापलीकडे जा. तिथे मुलांचं चांगलं बघतात."

माझा पाराच चढला. "तुम्हाला जायचं तर तुम्ही जा! रोज जाताच की! आमच्या दारातून पेशंट पळवायला कशाला बसता इथे?" आजवर मी पेशंटवर आवाज चढवला नव्हता. शिंपीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बाई घाबरून आत गेली, पाच मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर पडली, आणि शिंपीणबाई कोटसुद्धा न घालता तिच्यामागे धावल्या.

मी मनात म्हटलं, धाव, कुठवर धावशील.

पंधरा मिनिटांनी कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आला. भर सकाळी दुकान बंद करून, अंगावरच्या पांढऱ्या डगल्यानिशी. त्याने ती चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. "बाई, हे मला वाचता येत नाही. तुम्ही वाचा."

चिठ्ठी आपल्या लिपीत होती. वळणदार, सुंदर अक्षर, आमच्या लग्नाआधी हे मला पत्रं लिहायचे तसं. औषध होतं ते पंधरा वर्षांपूर्वी बंद झालेलं. आणि प्रमाण मोठ्या धट्ट्याकट्ट्या पुरुषाचं, दिवसातून चार वेळा. मी डॉक्टर नाही, पण एकतीस वर्षं चिठ्ठ्या वाचते आहे.

"पोरगी..." एवढंच म्हणता आलं.

"पोरगी पुलापलीकडे पोचली. शिंपीणबाई घेऊन गेल्या. काळजी करू नका, माझ्याकडे येऊन प्रत्येक चिठ्ठी थांबते."

"प्रत्येक म्हणजे?"

"म्हणजे प्रत्येक," तो म्हणाला. "चौदा महिने झाले."

मी बाकीच्यांकडे पाहिलं. चौघेही उभे राहिले होते. टोपी हातात गोल फिरवत घड्याळकाका म्हणाले, "आमची औषधं तिकडे चालू आहेत, बाई. इथे आम्ही पाळीपाळीने येतो. मंगळवार माझा."

"येता कशाला?"

"डॉक्टरांनीच सांगितलं होतं. थोडे दिवस या म्हणून."

"आणि मला कोणी का नाही सांगितलं?"

मेडिकलवाला म्हणाला, "ते स्वतः सांगणार होते तुम्हाला."

तेवढ्यात आतली घंटा वाजली. पुढचा पेशंट. घड्याळकाकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी टोपीतला कागद काढला, एकदा वाचला, परत ठेवला आणि आत गेले.

१८ मार्च, बुधवार

ह्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर परवाना फ्रेम करून लावला आहे. रोज सकाळी मी तो ओल्या फडक्याने पुसते, मग कोरड्याने. आज पुसता पुसता वाचला. मुदत गेल्या वर्षीच्या जानेवारीत संपलेली आहे.

चौदा महिने मी ती तारीख चकचकीत करत होते!

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवते, मधल्या सुट्टीत बोलली. मी म्हटलं, "अगं, तुझ्या बाबांना..." आणि पुढचं बोलायच्या आतच ती रडायला लागली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. "आई, बाबांनी शपथ घातली होती. म्हणाले, तुझ्या आईला मीच सांगणार, तू मध्ये पडायचं नाही."

"आणि तू पडली नाहीस! चौदा महिने?"

"मी दर आठवड्याला विचारत होते गं त्यांना. मग एकदा ते म्हणाले, कशाबद्दल बोलतेस?"

मी फोन ठेवून दिला. मेडिकलवाल्याला माहीत, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला माहीत, पोटच्या पोरीला माहीत. काउंटरमागे बसून माझ्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून मी मिरवायचे. गावभर मूर्ख ठरले.

दुपारी मेडिकलवाल्याकडे गेले. त्याने मागच्या खोलीतून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणला. त्यात सगळ्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. सुरुवातीच्या नीट, इथल्या भाषेत, साध्या: चाला, झोपा, पाणी प्या. हळूहळू त्यात आपले शब्द शिरलेले. गेल्या तीन महिन्यांतल्या सगळ्या आपल्या लिपीत. एकीवर औषधच नाही, फक्त आमच्या गावाकडच्या घराचा पत्ता आहे.

मी तो डबा मांडीवर घेऊन त्याच्या मागच्या खोलीत बसून राहिले. त्याने दोनदा पाणी आणून दिलं.

१९ मार्च, गुरुवार

शिंपीणबाईंकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी मला मिठीच मारली. शिवणाच्या मशीनच्या वर, भिंतीला एक तक्ता चिकटवलेला होता. इथल्या अक्षरांत आपले शब्द: हो डॉक्टर. बरं वाटतं. झोप लागते. पुन्हा येतो. डॉक्टर आपल्या भाषेत बोलायला लागले, तेव्हा या सगळ्या लोकांनी बुधवारी संध्याकाळी शिंपीणबाईंकडे बसून हे पाठ केलं. ह्यांना कुठे अडखळायला होऊ नये म्हणून.

इथे आले तेव्हा मला दुकानात मीठ मागता येत नव्हतं, पण ह्यांच्या परीक्षेच्या तक्त्यांवरून यकृत आणि बरगडी म्हणता येत होतं. लोक हसायचे. आता तेच लोक.

मला त्यांचा राग आता येत नाही. ह्यांचा येतो. भयंकर येतो.

२० मार्च, शुक्रवार

पुलापलीकडच्या डॉक्टरणीकडे गेले. लेकीहूनही लहान वाटते. मला बघताच तिने दार लावून घेतलं आणि काही न विचारता कपाटातून एक लिफाफा काढला. "हे तुमच्यासाठी नव्हतं. पण आता तुम्हीच वाचा."

ह्यांचं पत्र, तिला लिहिलेलं, गेल्या वर्षी नऊ जानेवारीला. इथल्या भाषेत, टापटीप. मी उतरवून घेतलं आहे, आपल्या भाषेत असं होतं:

'काल मी एका पेशंटला तेच इंजेक्शन दुसऱ्यांदा द्यायला निघालो होतो. नर्सबाईंनी हात धरला. गेले सहा महिने मी स्वतःला तपासतो आहे आणि निदान पक्कं आहे. या महिन्यात संपणारा परवाना मी पुन्हा काढणार नाही. माझे सगळे पेशंट तुमच्या हवाली करतो, त्यांच्या फायली सोबत आहेत. एक मागणं आहे. माझ्या बायकोने शाळेतली नोकरी सोडून हा काउंटर धरला. तिला हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळता कामा नये. मी वाईट बातमी कधी दुसऱ्याच्या हाती पाठवलेली नाही. मी तिला येत्या रविवारी सांगतो. तोवर पेशंटना नुसतं भेटायला या म्हणून सांगितलं आहे.'

"मी दर सोमवारी फोन करायची," डॉक्टरीण म्हणाली. "सांगितलंत का? म्हणायचे, ती भाजी चिरत होती. पुढच्या रविवारी सांगतो. कधी म्हणायचे, लेकीचा फोन आला. मेमध्ये एका सोमवारी मला म्हणाले, काय सांगायचं होतं?"

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

तिने मान खाली घातली. "मला वाटलं, शब्द दिलाय. मग वाटलं, आता फार उशीर झालाय. चुकलंच माझं. ती तापातली मुलगी मंगळवारी तुमच्याकडे आली तेव्हा मी घाबरून गेले. आता यापुढे हे चालू ठेवता येणार नाही, काकू. तुम्ही दार बंद केलं नाहीत तर मला वर कळवावं लागेल."

बरोबरच बोलली ती. ते पोर बरं आहे, ताप उतरला.

पुलावरून परत येताना एकदम आठवलं आणि मी कठडा धरून उभी राहिले. रविवार. बुटकं स्टूल. काढलेला चष्मा. एकटीच आहेस का गं?

एकतीस वर्षं ते स्टूल सरकल्याचा आवाज मी भिंतीपलीकडून ओळखत आले. आणि माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच समोर, दर रविवारी सरकत होतं, तेव्हा मी म्हणत होते, उठा, पाणी सांडेल. काय सांगायचं ते विसरले, तरी हे बसायला येत राहिले. आणि मी चहा करत राहिले.

२२ मार्च, रविवार

आज भाजी चिरली नाही. फोन काढून ठेवला. सकाळपासून वाट बघत बसले.

हे आले. स्टूल ओढलं, बसले, चष्मा काढला. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. इतकी गप्प मी लग्नातही नव्हते. हे माझ्याकडे बघत राहिले, ओठ हलले. मग कपाळाला आठ्या पडल्या. "काय गं, मी काय म्हणत होतो?"

सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण घरात हे नवरा असतात. मी काही बोलले की 'तू म्हणशील तसं' म्हणून मान डोलावतात आणि पेपर उघडतात. ह्यांना हे कळायला हवं तर ते डॉक्टरला कळायला हवं.

"चहा," मी म्हटलं. "चहा कर म्हणत होतात."

२६ मार्च, गुरुवार

रडून झालं. रागावूनही झालं, उशीवर, ह्यांच्या कोटावर, लेकीवर. आज ठरवलं. नोंदवहीत मंगळवारच्या पानावर अकराच्या वेळेला माझं नाव लिहिलं. सगळ्यांना निरोप पाठवला की मंगळवारी कोणी येऊ नका. घड्याळकाकांनी उलट निरोप पाठवला, येणार नाही, पण गल्लीच्या तोंडाशी उभा राहीन.

३१ मार्च, मंगळवार

चांगली साडी नेसले. काउंटरमागे न बसता समोरच्या बाकावर बसले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तिथून दवाखाना किती लहान दिसतो! भिंतीवर पाण्याचा डाग आहे तो मला माहीतच नव्हता.

घंटा वाजली. मी आत गेले.

हे टेबलामागे, गळ्यात तपासायची नळी. मला बघून गोंधळले. "तू? डबा राहिला का?"

"नाही डॉक्टर. दाखवायला आलेय."

'डॉक्टर' म्हटल्यावर ह्यांचा चेहरा बदलला. पेन उचललं. "बसा. काय होतंय?" मला 'बसा' म्हणाले.

"माझ्या नवऱ्याला विसर पडतोय," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"वर्ष, दीड वर्ष. मला उशिरा कळलं."

"घरच्यांना उशिराच कळतं. त्यात तुमची चूक नाही." हे लिहीत होते. "ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का? तीच गोष्ट पुन्हा विचारतात? नवीन शिकलेली भाषा आधी जाते, लहानपणची राहते. कोणत्या भाषेत बोलतात?"

"आपल्या."

एकेक प्रश्न नेमका. एकही वावगा शब्द नाही. समोर बसले होते ते माझे जुने डॉक्टर, जसेच्या तसे. मी सगळं खरं सांगितलं. नर्सबाई, चिठ्ठ्या, ते तापलेलं पोर. पोराचं ऐकून पेन थांबलं.

"मूल बरं आहे?"

"बरं आहे."

"ह्या गृहस्थांचा व्यवसाय काय?"

"डॉक्टर आहेत."

हे बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग गळ्यातली नळी काढली, घडी करून टेबलावर ठेवली. उठले. टेबलाला वळसा घालून आले. स्टूल सरकलं. आज बाहेर पाण्याचा ग्लास भरून ठेवायला कोणी नव्हतं.

माझ्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. चष्मा काढला.

"बरोबर कोण आलंय?"

"तुम्ही," मी म्हटलं. "तुम्ही आलाय माझ्याबरोबर."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग तोंड लहान मुलासारखं वेडंवाकडं झालं. "तुला सांगायचं होतं गं," म्हणाले. "रविवारी सांगणार होतो."

"आता सांगा."

आणि ह्यांनी सांगितलं. सगळं, नीट, आजाराचं नाव घेऊन, पुढे काय काय होईल ते न लपवता, मला समजेल अशा शब्दांत, माझा हात हातात धरून. उद्या ह्यांना हे आठवणार नाही, हेसुद्धा ह्यांनीच सांगितलं. मी मध्ये एकदाही बोलले नाही.

नंतर दोघांनी मिळून परवान्याची फ्रेम उतरवली. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. मी पाटी आत घेतली, ह्यांनी कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली. गल्लीच्या तोंडाशी घड्याळकाका उभे होते. ह्यांना बघून त्यांनी टोपी काढली. हे म्हणाले, "गुडघा कसा आहे?" ते आपल्या भाषेत म्हणाले, "बरं वाटतं."

घरी येऊन नोंद पुरी केली. वेळ: अकरा. नाव: माझं. तक्रार: नवऱ्याचा विसर. बरोबर कोण: हे.